तुम्ही विचारलंत म्हणून: खजुराची वडी आणि तिचा भुगा

"काकू, तुमच्यासारखी वडी आमची का नाही होत? आम्हाला चमच्यानं खावी लागते." कॅनडातल्या सस्कटूनमधल्या आमच्या मराठी घोळक्यात दर हिवाळ्यात कुणीतरी हे विचारतंच. आता तर ठाण्याहून भाचेसूनही विचारायला लागली आहे. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगून कंटाळले, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

वडी कुठली ते आधी सांगते. खाली ओट्सचा दाबून बसवलेला थर, मध्ये शिजवलेला खजूर, वर पुन्हा त्याच ओट्सचा मोकळा चुरा. कॅनडाभर हिला डेट स्क्वेअर म्हणतात, पण आमच्या या प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ मैदानांच्या, भागात जुनी माणसं मॅट्रिमोनियल केक म्हणतात. नवीन आले होते तेव्हा बेकरीतल्या पाटीवर ते नाव वाचून मला वाटलं, लग्नाच्या ऑर्डरी घेतात. नावामागची कारणं माणसागणिक बदलतात. शेजारच्या आजी सांगायच्या ते असं: खालचा थर कडक, वरचा खडबडीत, आणि मधल्या गोडाच्या जिवावर दोघं एकत्र. कडक कोण आणि खडबडीत कोण, हे मात्र आजोबा समोर असले की सांगायच्या नाहीत.

मी ही वडी पहिल्यांदा त्याच बेकरीत खाल्ली. बाहेर उणे तीस, आत चष्म्यावर वाफ. काचेमागच्या ट्रेमध्ये चौकोनी तुकडे, सुरीनं कापलेल्या कडा अगदी सरळ, आणि मधल्या खजुराची काळपट रेघ पुरणपोळीच्या कडेतून पुरण डोकावावं तशी. हातात घेतली तर मोडली नाही, दातांखाली मात्र सहज सुटली. मनात म्हटलं, ही तर आपलीच. खजूर, पीठ, साखर. यात काय आहे?

यात काय आहे ते कळायला मला दोन हिवाळे लागले. मला पुरण येत होतं, हीच अडचण झाली. पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे, हे आईनं डोक्यात घट्ट बसवलेलं. मी खजूरही तसाच आटवायची. सारण सुरेख व्हायचं, एखाद्या लाडवासारखं. आणि वडी उचलली की खालचा थर वाळूसारखा ताटलीत. मग मी बटर वाढवलं, तर वडी तेलकट झाली. मैदा वाढवला, तर बिस्किट झालं. शेवटी बेकरीतल्या बाईंनाच विचारलं. त्या ट्रेवर कागद झाकत होत्या. म्हणाल्या, "आजची भाजलेली मी आज विकतच नाही. तू घेतेस ती कालची असते."

शिळी! ज्या वडीसाठी मी दोन हिवाळे झुरत होते, ती शिळी होती. घरी येताना बसमध्ये मला हसू येत होतं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, मग ही का मुरू नये?

आत काय होतं ते नंतर लक्षात आलं. ओट्स पाणी ओढतात, पण हळूहळू. भट्टीतून काढल्यावरही रात्रभर ते खजुरातला ओलावा पीत राहतात आणि फुगून एकमेकांना धरतात. इकडे वितळलेलं बटर गारव्यानं पुन्हा घट्ट होतं. पण ओट्सना प्यायला खजुरात ओल शिल्लक हवी ना? माझ्या पुरणात ती नसायचीच. म्हणजे थरात काही कमी नव्हतं, सारणात होतं.

तर आता माप. बी काढलेला 500 ग्रॅम खजूर, सव्वा कप पाणी आणि पाव चमचा खायचा सोडा मंद आचेवर ठेवा. सोडा छोल्यांत घालतो त्याच कारणासाठी, साली विरघळाव्यात म्हणून. रंग गडद होईल, घाबरू नका. आठ-दहा मिनिटांत खजूर मऊ होतो. उलथनं उभं केलं की ते सावकाश एका बाजूला कलंडलं पाहिजे. उभं राहिलं तर दोन चमचे पाणी घाला. मग अर्ध्या लिंबाचा रस, नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं. हे पूर्ण गार होऊ द्या. काळा, मऊ खजूर असेल तर पाणी एक कपच पुरे.

थरासाठी 175 ग्रॅम ओट्स, 190 ग्रॅम मैदा, 180 ग्रॅम ब्राउन शुगर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि फ्रिजमधून काढलेलं 200 ग्रॅम बटर. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं बोटांच्या टोकांनी चोळा, फक्त इथे बटर वितळू द्यायचं नाही. मूठ वळली तर वळावी, टिचकी मारली की फुटावी. 9 इंची चौकोनी ट्रेमध्ये बेकिंगचा कागद घालून दोन तृतीयांश मिश्रण वाटीच्या बुडानं दाबून बसवा. अगदी जोर लावून. त्यावर खजूर पसरा. उरलेला चुरा वर नुसता भुरभुरा, दाबू नका. 175 अंश सेल्सिअसवर 35 ते 40 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत.

आणि मग हात लावू नका. आधी ओट्यावर गार, मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी कागदासकट उचलून कापा, दर कापाला सुरी पुसा.

आता नेहमीच्या शंका. ओट्स जाड, चपटे घ्या. झटपट शिजणारे घेतले तर खालचा थर लगदा होतो. तूप चालेल का? चालेल, पण मग ती नानकटाईची बहीण होते, तिला वडी म्हणू नका. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि उरलेलं बहुतेक पाणी असतं, आणि इथे ते पाणीही कामाला येतं. तुपात ते नाही. अमूलचं बटर मुळात खारट, तेव्हा वेगळं मीठ नको. गूळ चालतो, चवीला मला तर जास्तच आवडतो, पण वरचा चुरा तेवढा कुरकुरीत राहत नाही.

जुलैत मी खजुराऐवजी सस्कटून बेरी घालते. ही जांभळी फळं इथे रानात, अंगणात झुडपांना लागतात, आणि गावाला नाव त्यांच्यावरूनच पडलंय. बियांना किंचित बदामाचा वास असतो. फक्त खजूर पाणी धरून ठेवतो, बेरी सोडते. शिजवताना दोन चमचे कॉर्नफ्लोअर लावावंच लागतं. मुंबईत हा प्रयोग कशावर करता येईल कोण जाणे. जांभळावर करून पाहा आणि मला कळवा.

हे सगळं गेल्या आठवड्यात भाचेसुनेला फोनवर सांगितलं. तिनं लिहून घेतलं, परत वाचूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला: बशीत भुगा, बाजूला रडका चेहरा. विचारलं, किती वाजता कापलीस? "काकू, रात्री दहाला. घरभर वास सुटला होता हो, हे थांबेचनात." म्हटलं, बरं, तो भुगा सकाळी गार दह्यावर घालून खा. तोपर्यंत मुरला असेल.