पंधरा गाड्या, हापूसची बाग आणि परतीच्या पेट्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा एकाच शब्दांत येतो: "आमच्या क्लबच्या पंधरा गाड्या पुण्याहून देवगडला, आंब्याच्या बागेत न्यायच्या आहेत. घाट कुठला धरू आणि गाड्या कशा एकत्र ठेवू?" दोन्हींची उत्तरं आहेत, पण सुरुवात तिथून करू नका. सुरुवात परतीच्या पेट्यांपासून करा. पंधरा गाड्यांत तीस-चाळीस पेट्या येणार, आणि त्यातला आंबा डिकीत उकडला की सहल फसली. निघायचं कधी, थांबायचं कुठे, बागेत कुठल्या वेळी शिरायचं, हे सगळं त्यावरून मागे मोजत यायचं.

हापूसला उष्णता सोसत नाही. साका, म्हणजे वरून देखणं आणि आत पांढरट, बेचव, स्पंजासारखं फळ, याची कारणं बरीच आहेत. पण काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर, उन्हात पडून राहणं हे त्यातलं मोठं. म्हणून जाणता बागायतदार सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फळ उतरवतो आणि लगेच सावलीत नेतो. मे महिन्यात दुपारी उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी आतून पन्नास अंशांच्या वर सहज जाते. बागायतदाराने चार महिने जपलेलं फळ तुम्ही जेवणाच्या एका तासात शिजवू शकता.

त्यामुळे वेळापत्रक असं बसतं. शनिवारी पहाटे साडेचारला पुणं सोडायचं. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून आठ-नऊ तास. दुपारी मुक्कामी पोचा, जेवा, झोपा. बागेत चारनंतर. पेट्या त्याच संध्याकाळी निवडून मोजून घ्या, पण गाडीत भरू नका, रात्रभर बागायतदाराच्या पडवीतच राहू द्या. फळातली उन्हाची धग रात्रीतून निघून जाते. रविवारी पहाटे पाचला भरायच्या आणि निघायचं. सातच्या सुमारास घाट चढून नऊपर्यंत कोल्हापूर. नाश्ता तिथे सावलीत, तोही दोन पाळ्यांत, म्हणजे गाड्यांपाशी कोणीतरी राहतं. जेवायला घरी. "जाता जाता कुणकेश्वरला समुद्रावर दोन तास" हा बेत शनिवारी संध्याकाळी करा, पेट्या भरल्यावर नाही.

डिकीचंही एक गणित आहे. सेडानच्या डिकीत एसीची हवा जवळजवळ पोचत नाही. हॅचबॅक आणि एसयूव्हीत मागचं झाकण, म्हणजे पार्सल ट्रे, काढून ठेवला की केबिनची गार हवा पेट्यांवर जाते. सेडानवाल्यांच्या पेट्या एसयूव्हीत द्या, बॅगा सेडानमध्ये घ्या. सीएनजी गाडीची डिकी बहुधा टाकीनेच भरलेली असते, तिच्याकडून पेट्यांची फारशी अपेक्षा नको. पुठ्ठ्याच्या पेटीची भोकं बॅगेने बंद करू नका. लाकडी पेटीखाली जुनी चादर घाला, खिळे डिकीच्या आतल्या प्लॅस्टिकला ओरखडतात. पाच डझनी पेटी पंधरा किलोच्या आसपास भरते. चार माणसं आणि पाच पेट्या असतील तर चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा टायर-दाब दिलेला असतो, तो पहाटे टायर गार असतानाच भरा. आणि पेट्या कच्च्याच घ्या. कच्चं फळ प्रवास सोसतं, घरी पेंढ्यात आठ-दहा दिवसांत पिकतं. पिकलेलं हवंच असेल तर वेगळ्या पेटीत, नाहीतर त्याच्या संगतीने बाकीचीही घाई करतात.

आता घाट. कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे आणि देवगड. गगनबावड्याला फाटा आहे: एक रस्ता करूळला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. ताफा फुटतो तो हमखास इथेच, कारण मोबाइलला रेंज दगा देते आणि मागची गाडी समोर दिसेल त्या पांढऱ्या क्रेटाच्या मागे जाते. फाट्यावर आधी सगळे थांबा, मोजा, मगच उतरा. करूळ सुरू आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या, बंद असेल तर राधानगरीहून फोंडा घाट.

उतरताना दुसरा गिअर. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल किंवा एल, म्हणजे लो गिअरचा, मोड लावायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. वास आला तर मोकळी जागा बघून वीस मिनिटं थांबायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती वाकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

पंधरा गाड्या एका ओळीत नेऊ नका. पाच-पाचच्या तीन तुकड्या, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. प्रत्येकीत पुढे रस्ता माहीत असलेला, शेवटी पंक्चर काढता येणारा. नियम एकच पुरतो: मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की आपण सावकाश व्हायचं. चारी इंडिकेटर लावून मिरवणुकीसारखं चालणं बंद करा, वळायचंय की थांबायचंय हे मागच्याला कळतच नाही. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी या चार टोलनाक्यांवर ताफा तुटणारच. नाका ओलांडल्यावर कडेला थांबण्यापेक्षा पुढचा पेट्रोलपंप आधीच ठरवून ठेवा. वॉकीटॉकी हौसेने घेतात, घ्या, पण विनापरवाना वापर फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या संचांना आहे. स्वस्तात मिळणारे बरेच संच त्यात बसत नाहीत.

बागेपाशी शहरी गाडीची खरी परीक्षा. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मधून एकच गाडी जाईल अशी पाणंद. पंधरा गाड्या आत शिरल्या तर शेवटच्याला अर्धा किलोमीटर मागे घ्यावं लागतं. वर सड्यावर, मोकळ्या कातळावर गाड्या लावा आणि चालत या. आंब्याच्या कलमांखाली गाडी नकोच: मुळांवरची माती दबते, फांद्यांना रूफ-रेल घासतात. त्याहून मोठी भीती पाचोळ्याची. घाट उतरून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याच्या आधीचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की खाली वाळलेलं गवत लागलं तर पेटू शकतं. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात वणवा लागायला एवढं पुरतं, आणि शेजारी काजूची बाग असते.

आंबा काढायची हौस सगळ्यांना असते. झेला, म्हणजे बांबूला लावलेली जाळी आणि पातं, हातात मागा, पण आधी गड्याला काढताना बघा. तो फळ ओढत नाही, बोटभर देठ ठेवून कापतो. देठ मुळातून तुटलं की चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि दोन दिवसांत तिथे काळा डाग उमटतो. चीक हातालाही भाजतो, मुलांच्या डोळ्यांपासून जपा. अनेक बागांत हे काम नेपाळहून आलेले गडी करतात. त्यांचं काम चालू असताना फोटोसाठी झेला काढून घेऊ नका.

बागायतदाराला आठ दिवस आधी माणसांचा आणि पेट्यांचा आकडा कळवा, भाव फळाच्या वजनासकट ठरवा आणि थोडा आगाऊ द्या. चाळीस माणसांना पाणी आणि संडास लागतो, याचा विचार बहुतेक क्लब करत नाहीत. एक मेचा जोडसुट्टीचा आठवडा टाळा: रस्ता तुंबलेला असतो आणि बागेत तेव्हाच कामाची सगळ्यात जास्त घाई असते. एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा बरा.