पांढरी चार की पांढरी तीन?

आमच्या गायनवृंदात चाळीसेक माणसं आहेत आणि त्यांतल्या कुणाचंही पोट गाण्यावर चालत नाही. शाळेतल्या बाई आहेत, बँकेतले आहेत, एक दंतवैद्य बाई आहेत, चार-पाच निवृत्त, काही कॉलेजातली मुलं. आठवड्यातून एका संध्याकाळी तालीम, वर्षातून दोन जाहीर कार्यक्रम. मानधन घेणारे दोघेच, आमचे संचालक आणि मी. त्यांना सगळे सर म्हणतात. मी पियानोवर साथ करते.

वर्षाचं चक्र ठरलेलं आहे. मोठी सुटी संपली की नवे सभासद येतात. सर एकेकाला पियानोपाशी बोलावून आवाज वर कुठवर जातो, खाली कुठवर उतरतो ते बघतात आणि सोप्रानो, आल्टो (बायकांचे वरचे नि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे वरचे नि खालचे) यांपैकी एका गटात बसवतात. टेनर कधीच पुरत नाहीत. जरा वर आवाज जाणारा पुरुष दारात दिसला की सरांचे डोळे लकाकतात. मग पहिले काही आठवडे नुसतं स्वरवाचन, नंतर गटागटाच्या वेगळ्या तालमी. या काळात मी एकच ओळ इतक्यांदा वाजवते की घरी भांडी घासतानाही आल्टोंची ओळ गुणगुणत असते. (आल्टोंची ओळ एकटीने गुणगुणण्यासारखी क्वचितच असते.) त्यानंतर चारही गट एकत्र. त्या पहिल्या दिवशी जे ऐकू येतं त्याला गाणं म्हणवत नाही, पण महिनाभरात काहीतरी जुळतं. कार्यक्रम होतो, सुटी लागते, पुन्हा नवे सभासद.

मागच्या हंगामात हिवाळी कार्यक्रमासाठी सरांनी चार कडव्यांचं एक गाणं निवडलं होतं. पहिली तीन कडवी साथीशिवाय, मग एक लांब विराम, आणि चौथ्या कडव्याला पियानो. पट्टी पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी हा सा. कागदावर सगळं सोपं. तीन कडवी मी हात मांडीवर ठेवून बसायचं आणि मग पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, द्यायचा.

तो कॉर्ड पडला की सगळं उघडं पडायचं. पियानो उतरत नाही. त्याची पांढरी सहा सेकंदाला ४४० आंदोलनांवर लावलेली असते आणि ती तिथेच राहते. चाळीस माणसं मात्र तीन कडव्यांत हळूहळू, एकमेकांना धरून, अर्धा स्वर खाली आलेली असायची. आपापसांत अगदी सुरेल. खाली आल्याचं त्यांना कळायचं ते माझ्यामुळे. समोरच्या श्रोत्याला मात्र वाटणार की पियानोवालीचाच हात चुकला. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं, म्हणजे बरोक संगीत वाजवणारे वाद्यवृंद आज बहुधा ४१५ आंदोलनांना लावतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खालीच. एका तालमीत सर वैतागून म्हणाले, "शाब्बास. चार मिनिटांत तीनशे वर्षं मागे गेलात."

मग सुरू झाला शोध: उतरतंय कोण? हौशी वृंदात हा शोध फार वाईट वळण घेतो असं माझं मत आहे. सोप्रानोंना वाटतं बास, टेनरांना वाटतं आल्टो, आणि सगळ्यांना मनातून एकेक माणूस माहीत असतो. सर नावं घेत नसत. ते कारणं सांगत. एकच स्वर पुन्हापुन्हा गायचा असला की दरवेळी तो केसभर खाली लागतो. खाली येणारी पायरी माणूस जरा मोठी घेतो, वर जाणारी जरा छोटी. हळू गाताना श्वासाचा आधार सुटतो. खुर्चीत रेलून गायलं की उतरतं, कोंदट खोलीत उतरतं, दमल्यावर तर उतरतंच. खिडक्या उघडल्या, सगळ्यांना उभं केलं. थोडा फरक पडला, पण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मी हळूच पट्टी दाबून बघायचे, तर आम्ही पांढरी तीनवर.

मग तानपुऱ्याचं ॲप लावून नुसत्या षड्जावर तालीम झाली. तानपुरा वाजतोय तोवर सूर जागचा हलेना. बंद केला की पुन्हा तेच. शिवाय एक नवीच भानगड: तानपुऱ्यावर लोकांचा गंधार सुरेख लागायला लागला आणि पियानोशी जमेनासा झाला. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, १०० सेंटचा एक अर्धा स्वर धरला तर. म्हणजे जे कान नीट तयार झाले होते त्यांनाच चौथं कडवं टोचू लागलं.

पुढचा उपाय, पट्टी बदलणे. पांढरी चारमध्ये वृंद उतरतात, तेच गाणं अर्धा स्वर वर किंवा खाली घेतलं तर टिकतात, हे समूहगान करणाऱ्यांत सगळीकडे बोललं जातं. सरांचं म्हणणं, आवाज खालच्या भागातून वरच्या भागात जाताना जिथे सांधा बदलतो तिथेच या पट्टीतले महत्त्वाचे स्वर येतात. आम्ही अर्धा स्वर वर, काळी तीन घेतली. खरंच बरं टिकलं! पण सोप्रानोंचा वरचा स्वर आवळून येऊ लागला आणि आमच्या दंतवैद्य बाई रडकुंडीला आल्या. त्यांना कुठलाही स्वर कानावर पडताच त्याचं नाव कळतं. आम्हा बाकीच्यांना पट्टी बदलली काय नि न बदलली काय. त्यांना मात्र कागदावर एक स्वर दिसतो आणि आजूबाजूला चाळीस माणसं दुसराच गातात. त्यांनी रात्री बसून स्वतःची प्रत काळी तीनमध्ये लिहून आणली. पुढच्या आठवड्यात सरांनी पुन्हा पांढरी चार केली. बाई काही बोलल्या नाहीत. पेन्सिल मात्र जरा जोरात पिशवीत टाकली.

आणि शेवटी सरांनी फळ्यावर गणित मांडलं. गाण्याच्या एका फेऱ्यात कॉर्ड असे जातात: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नी-रे, आणि परत सा. प्रत्येक वेळी मागच्या कॉर्डमधला सामाईक स्वर जागचा न हलवता बाकीचे स्वर अगदी शुद्ध लावत गेलात, तर परत येणारा सा मूळ सा नसतो. तो ८१ ला ८० या प्रमाणात खाली येतो, म्हणजे सुमारे २१.५ सेंट. इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी बत्तिस्ता बेनेदेत्ती याने हे संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला लिहिलेल्या पत्रांत दाखवलं होतं. ती पत्रं १५८५ साली छापली गेली. आमच्या गाण्यात हा फेरा कडव्यात दोनदा येतो. तीन कडवी, सहा फेरे, १२९ सेंट. "म्हणजे सर, आम्ही फार शुद्ध गातो म्हणून उतरतो?" टेनरमधल्या एकाने विचारलं. सर म्हणाले, "तुम्ही इतकं शुद्ध गात असतात तर मी हे काम फुकट केलं असतं."

थोडक्यात, कारणं पुष्कळ आणि गुन्हेगार कुणी नाही. पण हे ऐकूनही लोकांनी मनातली माणसं मनातच ठेवली होती. ते मला कार्यक्रमाच्या दिवशी कळलं.

तालमीच्या खोलीत आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक पियानो आहे. त्यात अर्धा स्वर खाली करायचं बटण असतं, त्यामुळे अगदीच वेळ आली तर तोंड लपवता येतं. सभागृहात मात्र खरा ग्रँड पियानो. म्हणून मी शेवटचं पान दोन्ही पट्ट्यांत बसवून ठेवलं होतं: एक फ्लॅटची (स्वर अर्धा उतरवणारी खूण) पांढरी चार आणि चार शार्पची (स्वर अर्धा चढवणारी खूण) पांढरी तीन. कुठली वाजवायची ते विरामात ठरवायचं.

दुपारी रंगमंचावर तालीम. जागा अरुंद, त्यामुळे चारही बास पियानोच्या उघडलेल्या झाकणापाशी, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे काका. त्यांचा खालचा स्वर मला डोळे मिटूनही ओळखू येतो; जाड, जरासा घोगरा, पण हलत नाही. ते गाणं सुरू झालं. काकांचे ओठ हलत होते, पान वेळेवर उलटत होतं, श्वाससुद्धा बरोबर जागी. आवाज नव्हता.

तालीम संपल्यावर मी विचारलं, "काका, घसा बसलाय का?"

"नाही हो."

"मग या गाण्यात तुमचा आवाज आला नाही मला."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही कुणाला सांगू नका. मागे कुणीतरी म्हणत होतं ना, बासमुळे उतरतंय. म्हटलं, चौघांत म्हातारा मीच, कानही आता पूर्वीसारखे नाहीत. मीच असणार. तेव्हापासून या एका गाण्यात मी नुसते ओठ हलवतो. बाकीच्यांत गातो हं!"

"पण काका, तेव्हापासूनही उतरतंच आहे."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो की."

हे ओठ हलवणं वृंदांत वाटतं त्याहून जास्त चालतं. अवघड पान आलं की कच्चे लोक गप्प होतात, आणि कधीकधी पक्केही. आवाज थोडा बारीक होतो, इतकंच. पण इथे प्रकरण वेगळं होतं. बासचा खालचा सा भक्कम असेल तर त्याच्या उपस्वरांत (मूळ स्वराबरोबरच बारीक ऐकू येणाऱ्या वरच्या स्वरांत) पंचम आणि शुद्ध गंधार आधीच ऐकू येत असतात. वरच्या तिन्ही गटांना आपापला स्वर ठेवायला त्यावर जागा मिळते. उरलेल्या तीन बासांपैकी दोघांचा तो खालचा स्वर नीट लागतही नाही. सूर धरून ठेवणारा माणूसच स्वतःला गुन्हेगार समजून बाजूला झाला होता.

त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, तरी मी सरांना सांगितलं. सरांनी सभा वगैरे घेतली नाही. कपडे बदलायच्या खोलीत काकांपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, संध्याकाळी मला तुमची खालची पांढरी चार हवी. ती आली नाही तर मी गाणं थांबवीन." एवढंच. सोप्रानोंपैकी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत काकांचा आवाज आला, सवयीपेक्षा जरा मोठाच. मी हात मांडीवर ठेवले नाहीत. ग्रँड पियानोवर एक युक्ती करता येते. पट्टी इतकी हळू दाबायची की हातोडा तारेला लागत नाही, फक्त तारेवरचा नमदा उचलला जातो. तार मोकळी होते. मग खोलीत तिचा स्वर किंवा तिच्या उपस्वरांपैकी एखादा जोरात गायला गेला, तर ती आपोआप गुणगुणू लागते. तिसरं कडवं संपत आलं तसं मी डाव्या हाताने खालची पांढरी तीन आणि पांढरी चार, दोन्ही आवाज न करता दाबून धरल्या. जी गुंजेल ती पट्टी.

सरांनी हात बंद केला. चाळीस आवाज थांबले. विरामाचे ते दोन-तीन सेकंद मी जवळजवळ झाकणात डोकं घातलं होतं. पांढरी तीन मुकी. पांढरी चार गुंजत होती, पण हवी तितकी नाही. म्हणजे उतरलो होतो, पण थोडेच.

आता अर्ध्याअधुऱ्या उतारासाठी पियानोत पट्टीच नसते. मी पांढरी चार घेतली, पण लिहिलेला कॉर्ड दिला नाही. हलक्या हाताने नुसते सा आणि प, गंधार गाळून. गंधार नसला की पियानो आणि गळा यांतला फरक तितका बोचत नाही, आणि गाणाऱ्यांना सरकून वर यायला एक माप (तालाचं एक आवर्तन) मिळतं. आल्टो आधी सरकल्या, मग सगळेच. दुसऱ्या मापापासून मी कागदावर होतं ते वाजवलं. सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, भुवई उंचावून. नंतर एक श्रोते मला भेटून म्हणाले, पियानोची एंट्री फार छान, रिकामी-रिकामी वाटली. मी आभार मानले.

पुढच्या आठवड्यात तालमीच्या खोलीत ध्वनिमुद्रण ऐकलं. सरांनी ट्यूनर लावून दाखवलं: तिसऱ्या कडव्याअखेर सुमारे वीस सेंट खाली, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्या कडव्यात, सोप्रानोंची ओळ पायरीपायरीने खाली येते तिथे गेलेले. बासच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. काका मात्र पुढच्या गाण्याची पानं जुळवत होते.

उन्हाळी कार्यक्रमासाठी सरांनी वाटलेलं पहिलंच गाणं आठ पानांचं होतं. पट्टी पांढरी चार. मी पानं उलटून बघितली, पियानोची ओळ कुठेच नव्हती, शेवटीसुद्धा नाही. "मग या खेपेला उतरलो तर कुणालाच कळणार नाही," टेनरमधला तोच मुलगा म्हणाला. दंतवैद्य बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.