फोटोच्या जागी रंगीत पट्टे: ब्राउझर बदलतानाचा माझा अनुभव

गूगलचा क्रोम नको होता; ज्याचा कोड कुणालाही बघता येतो आणि जो आपल्यावर पाळत ठेवत नाही, असा ब्राउझर हवा होता. निवडणं तसं एका संध्याकाळीच उरकलं. क्रोमियम या गूगलच्याच मूळ ब्राउझरचा कोड खुला आहे, पण त्यावर गूगल जो क्रोम बांधतं तो नाही. ब्रेव्ह मुक्त परवान्याचा, तरी उभा क्रोमियमवरच. फायरफॉक्स चांगला, फक्त टेलिमेट्री, म्हणजे आपल्या वापराची माहिती बनवणाऱ्यांकडे पाठवणं, आपणच बंद करत बसायची. म्हणून फायरफॉक्सच्याच कोडवरून बनवलेला लिब्रवुल्फ घेतला. त्यात टेलिमेट्री नाही आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आयतं बसवलेलं मिळतं.

आणि मग भाचीचा प्रवेश अर्ज भरायला बसले.

नाव, पत्ता, गुण सगळं गेलं. फोटो चढवला तर पोरीच्या चेहऱ्याऐवजी लाल-हिरवे पट्टे! फाइल बदलली, आकार कमी केला, पुन्हा पट्टेच. हेल्पडेस्कला फोन लावला. आधी संगीत, मग "कॅशे क्लिअर करा मॅडम", मग पुन्हा संगीत, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "क्रोममध्ये उघडा ना." मी विचारलं, का? तर म्हणे सिस्टीम तशीच आहे. उद्या कचेरीच्या दारात 'अमुक कंपनीच्या चपला असतील तरच आत' अशी पाटी लावली तर चालेल का आपल्याला? पण मुदत डोक्यावर, आणि घरचे म्हणतायत, टाक ना ते क्रोम. नाही टाकलं.

कारण शोधायला रात्र गेली. ते पोर्टल फोटो ठरलेल्या केबीत बसवायला ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्र काढायच्या जागेवर, काढून लहान करतं. याच कॅनव्हासवर काही साइट्स आपल्या नकळत चित्र काढून घेतात आणि ग्राफिक्स कार्ड, फॉन्ट यांमुळे पडणाऱ्या बारीक फरकांवरून आपल्याला ओळखतात. त्यामुळे लिब्रवुल्फ कॅनव्हास वाचू देत नाही, वाचणाऱ्याच्या हातात नुसता कचरा ठेवतो. म्हणजे ब्राउझर आपलं काम चोख करत होता!

उपाय चिमुकला आहे. फोटो निवडला की पत्त्याच्या पट्टीत डावीकडे चित्राचं एक छोटं चिन्ह उमटतं. ते दाबून त्या साइटपुरती परवानगी द्यायची आणि फोटो पुन्हा चढवायचा. आला चेहरा! हेल्पडेस्कवर हे एकालाही माहीत नसावं, याचा राग अजून गेलेला नाही.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: लिब्रवुल्फ बंद केला की कुकीज, म्हणजे आपलं लॉगिन लक्षात राहावं म्हणून साइट्सनी ठेवलेल्या नोंदी, पुसतो; मग दर वेळी नवा ओटीपी. रोजच्या साइट्स सेटिंग्जमध्ये अपवाद म्हणून घाला. सिनेमांची नक्कल रोखणारं डीआरएमही मुळात बंद असतं, त्यामुळे ओटीटीवरचे सिनेमे लागत नाहीत. माझे टीव्हीवर चालतात, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

कागद तपासणीचा स्लॉट घेताना घड्याळ मात्र नीट बघा. लिब्रवुल्फ आपला टाइमझोनही लपवतो. पोर्टल ब्राउझरला वेळ विचारत असेल तर सकाळी अकराचा स्लॉट साडेपाचचा दिसतो. तेवढ्यापुरती सेटिंग्जमधल्या लिब्रवुल्फच्या भागात रेझिस्ट फिंगरप्रिंटिंगची (ही ओळख लपवायची सोय) खूण काढा, स्लॉट घ्या, आणि लगेच परत लावा.