घरात कोणी मिलिटरीत आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, घरात कोणी मिलिटरीत नाही. माझ्या मनगटावरचं हे कुणा फौजी काकांचं घड्याळ नाही, आणि ते ‘जेंट्स’ आहे हे मला विकणाऱ्यानंही ऐकवून झालंय. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, आतल्या बाजूला तेरा ते चोवीसची बारीक रांग आणि कापडी पट्टा, एवढ्यावरून लोक ओळखतात की ही सैनिकी धाटणी आहे. मग प्रश्न येतो: युद्धाशी संबंध नाही, वेळ फोनवर दिसते, तरी हे का? त्यात एक न विचारलेला प्रश्नही असतो, की बाईच्या हातात हे कशाला? त्याचं उत्तर आधी देते, कारण ते देताना मला मजा येते.

मनगटावर घड्याळ बांधायची रीतच मुळात बायकांची. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीनं नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिच्यासाठी मनगटी घड्याळ करायला घेतलं ते १८१० साली. पुढं जवळजवळ शंभर वर्षं मनगटावरचं घड्याळ म्हणजे कंकणात जडवलेला दागिना, आणि पुरुषाचं घड्याळ साखळीला लावून खिशात. एखाद्या पुरुषानं ते मनगटावर बांधलंच तर त्याची टिंगल ठरलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ दरम्यान, ब्रिटिश अधिकारी आपलं खिशातलंच घड्याळ चामड्याच्या खोबणीत बसवून मनगटाला आवळू लागले. पहिल्या महायुद्धात त्याच गोल डब्यांना दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्या जोडून पट्टा ओवला गेला, काचेवर धातूची जाळी चढली, आणि टिंगल बंद पडली. म्हणजे उसनं घेतलं ते पुरुषांनी.

पण त्यांच्यावर ही वेळ का आली, ते जरा सविस्तर सांगायला हवं. खिशातलं घड्याळ काढायचं तर कोटाची बटणं सोडा, झाकण उघडा. एक हात त्यातच अडकतो. आणि खंदकांच्या लढाईत वेळ बघणं हे सवडीचं काम राहिलं नव्हतं. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिशांचा हल्ला सुरू व्हायचा होता सकाळी साडेसातला. मैलोन् मैल पसरलेल्या खंदकांतून अधिकारी तोंडात शिट्टी धरून काट्याकडे बघत उभे होते. हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग मात्र दहा मिनिटं आधी, ७.२० ला, ठरवून उडवला गेला. समोरच्या जर्मनांना जे कळायचं ते कळलं. पुढं सरकत्या भडिमाराची पद्धत रुळली: आपल्याच तोफांच्या गोळ्यांची भिंत ठरलेल्या मिनिटाला थोडी थोडी पुढं जाणार आणि पायदळ तिच्या मागोमाग चालणार. तोफखान्याच्या आणि पायदळाच्या घड्याळांत फरक पडला, की आपल्याच गोळ्यांखाली आपली माणसं. हल्ल्याआधी सगळ्यांनी घड्याळं जुळवून घेण्याचा तो प्रसंग सिनेमात फार रुबाबदार दिसतो; त्यामागची भीती ही होती.

खंदकात रात्री काडी ओढून वेळ बघणं म्हणजे समोरच्या नेमबाजाला आमंत्रण. म्हणून आकडे आणि काटे रेडियमच्या रंगानं भरले जाऊ लागले. ते भरणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी यूएस रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात त्यांना ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायला शिकवलं होतं. आकडा भरायचा, ब्रश ओठांत, पुन्हा आकडा. रंग निर्धोक आहे असं सांगितलं गेलं होतं. काही वर्षांत त्यांचे दात गळाले, जबड्याची हाडं कुजली, काही जणी मेल्या. पाच जणींनी कंपनीवर भरलेला खटला १९२८ साली तडजोडीनं मिटला. घड्याळांच्या गप्पांत सैनिकांची नावं निघतात, या मुलींची क्वचित. म्हणून मी मुद्दाम काढते.

रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. रंगात मिसळलेलं, चमक देणारं झिंक सल्फाइड मात्र लवकर थकतं, त्यामुळे जुनी तबकडी अंधारात काळीठिक्कर दिसते आणि किरणोत्सार आत चालूच असतो. असं एखादं घड्याळ हाती लागलं तर कुतूहलापोटी काच काढून आकडे खरवडू नका. नंतर ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ आला, ज्याचा जोर साधारण बारा वर्षांत निम्मा होतो, आणि आता जो रंग वापरतात तो उजेड पिऊन चमकतो, किरणोत्सारी नसतो. गंमत म्हणजे हल्ली कोऱ्या घड्याळांवरही तो मुद्दाम पिवळसर, जुनाट छटेचा लावतात, रेडियम शिळं झाल्यासारखा. हे मला बघवत नाही.

आता मूळ प्रश्न. मला ही घड्याळं आवडतात, कारण त्यांची तबकडी विकणाऱ्यानं ठरवलेली नाही, घेणाऱ्यानं ठरवलेली आहे. दुकानाच्या काचेआडचं प्रत्येक घड्याळ तुम्हाला भुलवायला बघतं. दुसऱ्या महायुद्धातली ही घड्याळं मात्र पुरवठा खात्यातल्या कुणी तरी कागदावर अटी लिहून मागवली. आकडे असे हवेत, रंग हा, पाणी आत जाता कामा नये, इतकं चालायला हवं. घालणाऱ्याला ते शोभेल का, हा रकाना त्या कागदावर नव्हताच. आणि त्यातून जे रूप निघालं ते ऐंशी वर्षांनंतरही जुनं वाटत नाही.

अमेरिकनांचं ए-११ घ्या. एल्जिन, वॉल्थम आणि बुलोव्हा या तिन्ही कंपन्यांनी ते एकाच नमुन्यावर बनवलं. चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो, म्हणजे तुकडीतली सगळी घड्याळं सेकंदापर्यंत जुळवता येतात. त्याचा व्यास जेमतेम ३२ मिलिमीटर. आज एवढं घड्याळ बायकांच्या ट्रेमध्ये ठेवतील, आणि ‘मिलिटरी’ म्हणून ४४ मिलिमीटरची परात विकतील.

खरोखरच मोठं घड्याळ होतं ते जर्मन हवाई दलाचं बी-उर, ५५ मिलिमीटरचं. त्या आकारालाही कारण होतं. ते विमानात दिशा काढणाऱ्याचं, म्हणजे नॅव्हिगेटरचं घड्याळ. पृथ्वी चार सेकंदांत एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, फिरते. विषुववृत्तावर ते अंतर एक सागरी मैल भरतं. ताऱ्यांवरून जागा काढताना घड्याळ अर्धा मिनिट चुकलं तर हिशेब सात-आठ मैल भलतीकडे जातो. म्हणून आत मोठं, नेमकं यंत्र. जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायचं म्हणून पट्टा लांबलचक, हातमोजे न काढता फिरवता यावी म्हणून चावी चांगली गलेलठ्ठ, आणि बाराच्या जागी त्रिकोण व दोन ठिपके, म्हणजे अंधुक उजेडातही वरची बाजू कोणती ते समजावं. बनावट अव्वल होती. ती कुणाच्या विमानांत बसून कुठं बॉम्ब टाकायला निघाली होती, हे विसरून तिची वाहवा करणारे संग्राहक भेटले की मी विषय बदलते.

ते घड्याळ पुरवणाऱ्या पाच कंपन्यांत स्वित्झर्लंडची आयडब्ल्यूसी होती. हीच आयडब्ल्यूसी ब्रिटिश सैन्याच्या यादीतही सापडते! ब्रिटिशांनी लढाईच्या उत्तरार्धात मनगटी, जलरोधक घड्याळाचा एकच नमुना ठरवून बारा स्विस कंपन्यांना काम दिलं. पाठीवर तीन डब्ल्यू (वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ) आणि सरकारी मालकीचा बाण. संग्राहक या बारांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. ओमेगा, लाँजिन, जेझे-लकूल्त्र अशी बडी घराणी आणि टिमोर, व्हर्टेक्स, ग्राना अशी तेव्हाही फारशी न गाजलेली नावं एका रांगेत: तीच काळी तबकडी, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, कडेला रुळांसारखी मिनिटांची पट्टी. नाव झाकलं तर कोणतं कुणाचं ते लांबून सांगता येऊ नये. प्रतिष्ठा इतकी सपाट झालेली घड्याळांच्या धंद्यात मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बाकी ही घड्याळं सैन्याच्या हाती आली १९४५ मध्ये, युद्ध संपत आलं तेव्हा. ‘दुसरं महायुद्ध पाहिलेलं घड्याळ’ म्हणून ज्यांचा भाव वाढवतात त्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंच नाही.

पुढच्या काळात हा हिशेबीपणा आणखी पक्का झाला. अमेरिकन सैन्यानं १९६४ मध्ये जो नमुना काढला त्यात घड्याळ स्वस्त असावं आणि बिघडलं तर दुरुस्त न करता टाकून द्यावं, अशीच कल्पना होती. व्हिएतनाममध्ये अशी घड्याळं गेली. ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ साली नायलॉनच्या पट्ट्याचा नमुना ठरवला, त्याला आज सगळे नाटो पट्टा म्हणतात. एकच लांब पट्टी, पट्टा अडकवायच्या घड्याळाच्या दोन्ही काड्यांतून ओवून मागून जाणारी. एक काडी तुटली तरी घड्याळ दुसरीला लटकून राहतं. खऱ्या सैनिकी घड्याळांच्या काड्या तर निघूच नयेत अशा पक्क्या जोडलेल्या असत. आता हाच पट्टा रंगीबेरंगी होऊन सगळीकडे मिरवतो, आणि मिरवू दे, कारण त्याची युक्ती खरी आहे.

खोटं काय ते सांगते. तबकडीवर कवटी, पाठीवर खंजीर, गोळीच्या आकाराची चावी, पट्ट्यावर सैनिकी गणवेशासारखी कॅमोफ्लाज छपाई. हे सगळं शौर्य विकत दिल्यासारखं करतं. सैन्याच्या खरेदीदारानं यातलं काहीही मंजूर केलं नसतं. अंधारात वेळ वाचायला त्याचा उपयोग शून्य. उलट कॅसिओचं जी-शॉक घ्या. १९८३ साली किकुओ इबे यांच्या टोळीनं ते बनवलं ते पडून फुटू नये एवढ्याचसाठी. कोणत्याही सैन्यानं ते मागवलेलं नव्हतं. तरी जगभरच्या सैनिकांनी स्वतःच्या पैशानं ते घेतलं. माझ्या हिशेबी ते कवटीवाल्या घड्याळापेक्षा कितीतरी जास्त सैनिकी.

फोनचं आणि स्मार्ट घड्याळाचं राहिलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण एक घटना सांगण्यासारखी आहे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपनं आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की ओसाड मुलखांत मधेच उजळलेली वेटोळी दिसतायत: लष्करी तळांभोवती रोज धावणारे सैनिक मनगटावरून आपला पत्ता जगाला देत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं मोहिमेच्या भागांत ठिकाण टिपणाऱ्या उपकरणांची ती सोय वापरायला मनाई केली. तिथं पुन्हा नुसती वेळ दाखवणारं घड्याळ चालणार होतं.

तुम्ही घेणार असाल तर ब्रँडच्या आधी तबकडी बघा. हात लांब करा, चष्मा काढा, अर्ध्या सेकंदात वेळ वाचता आली तर पुढं बोला. काच ओरखडे झेलणारी हवी, चावी बोटांत नीट यावी, आणि व्यास ३६ ते ३८च्या पुढं जायची गरज नाही. रोज चावी देण्याचा कंटाळा असेल तर खुशाल बॅटरीवालं घ्या. ब्रिटिश सैन्यानंही १९८०च्या सुमारास तेच केलं होतं.