बासच्या नादी लागले त्याची गोष्ट

एके काळी माझ्याकडे लुअरचे, म्हणजे माशाला फसवायच्या खोट्या आमिषांचे, तीन डबे होते. आता एक आहे आणि त्यातलेही दोन खण रिकामे असतात. मधली नऊ वर्षं कशात गेली ते लिहिते, कारण नव्याने गरवायला लागलेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला लुअर घेऊ?" काठी, रीळ, तंगूस यांची चौकशी कुणी करत नाही. मीही केली नव्हती आणि त्यापायी बरेच मासे घालवले.

मासा म्हणजे लार्जमाउथ बास. नावात बास असला तरी समुद्रातल्या बासच्या घरचा तो नव्हे. हा सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला, आणि जबडा असा की मोठ्या माशाच्या तोंडात माझी मूठ सहज मावते. गवत, बुडालेलं झाड, दगडांचा ढीग, धक्क्याखालची सावली, असा कुठलातरी आडोसा पकडून बसतो. जवळून काही गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हे आत ओढणं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

सुरुवात झाली ती अंगठ्यापासून. मोठ्या हौसेने बेटकास्टिंग रीळ घेतलं आणि पहिल्याच फेकीला तंगुसाचा असा गुंता झाला की उरलेली सकाळ काठावर बसून तो सोडवण्यात गेली. फेकल्यावर लुअर हवेत मंदावत जातो, पण रिळाची फिरकी आपल्याच जोरात फिरत राहते. जास्तीच्या तंगुसाला बाहेर जायला वाव नाही, मग तो आतच फुगतो. उपाय सोपा होता, पण तो कळायला मला दोन महिने लागले. लुअर टोकाला लटकवून फिरकी मोकळी सोडायची. बाजूची कळ इतकी आवळायची की लुअर सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवायचा. मग बिनगरीचं वजन बांधून गवतावर रोज अर्धा तास फेकत राहायचं, अंगठा फिरकीवर अगदी हलका, आणि वजन टेकण्याच्या क्षणी दाबलेला. शेजाऱ्यांना मी वेडी वाटले असेन. वाटू दे. हलक्या लुअरसाठी मी आजही साधं स्पिनिंग रीळच वापरते, ज्याची फिरकी फेकताना फिरतच नाही, त्यात कमीपणा काही नाही.

यानंतर आला रबरी किडा. 1949 साली ओहायोत निक क्रेम यांनी घरच्या घरी व्हिनाइलचा किडा ओतून पाहिला, आणि तेव्हापासून बासवाल्यांच्या डब्यातून हा किडा काही हललेला नाही. माझ्या डब्यात तो पहिल्या वर्षापासून होता, फक्त मासा देत नव्हता. दोष माझ्या हाताचा होता.

ज्यांनी मला तो शिकवला ते शेजारच्या होडीतले एक म्हातारे गृहस्थ. माझं बांधकाम पाहून म्हणाले, "तुमचा किडा वाकडा आहे. वाकडा किडा पाण्यात गरगरतो, आणि गरगरणाऱ्या किड्याला कोण खाणार?" मग त्यांनी करून दाखवलं. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, साधारण 3/16 औंसाचं, टोक काठीकडे. त्यानंतर 3/0 मापाची ऑफसेट गरी, म्हणजे डोक्याशी पायरीसारखी दुमडलेली, बांधायची. गरीचं टोक किड्याच्या डोक्यात मध्यावर सेंटीमीटरभर घालून बाजूने बाहेर काढायचं, किडा वर सरकवून गरी अर्धा वेढा फिरवायची. आता गरी किड्याशेजारी नुसती लटकू द्यायची आणि तिचा बाक किड्याला कुठे टेकतो ते बघायचं. बरोबर तिथेच टोक आरपार न्यायचं आणि परत कातडीखाली हलकेच खुपसायचं. किडा सुईसारखा सरळ दिसला पाहिजे. जरासुद्धा गोळा झाला असेल तर काढून पुन्हा. याला टेक्सस रिग म्हणतात, आणि टोक लपलेलं असल्याने तो गवताझुडपातून न अडकता निघतो. बास तिथेच तर राहतो.

खरी अडचण फेकल्यानंतरची. मासा लागला म्हणजे काठी वाकेल, धक्का बसेल, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात बास किडा आत ओढतो तेव्हा कळतं ते एवढंच, की बोटाखाली 'टक' होतं. कधी तेही नाही, तंगूस नुसता बाजूला सरकू लागतो, किंवा तळाला टेकायला हवं होतं ते वजन टेकतच नाही. चव पटली नाही की तो तितक्याच झटक्यात किडा थुंकून देतो. पहिल्या वर्षभरात असे कितीतरी मासे मी 'गवत लागलं' म्हणून सोडून दिले असणार. आता मी फेकल्यावर रिळाकडे बघत नाही. तंगूस पाण्यात शिरतो त्या जागेवर नजर ठेवते, तो वाकडा चालला की ढील गुंडाळते आणि काठी जोरात वर घेते.

त्याच किड्याचा दुसरा प्रकार म्हणजे वॅकी. गॅरी यामामोटो यांच्या सेन्कोसारखी जाड, मिठाने भरलेली काडी घ्यायची, मधोमध गरी टोचायची, वजन काही नाही. मिठामुळे ती जड होते आणि दोन्ही टोकं थरथरवत सावकाश बुडते. मी काही करायचं नसतं, हाच त्यातला कठीण भाग. काडी फार लवकर फाटते, म्हणून मध्यावर छोटं रबरी कडं चढवून गरी त्याखालून घालते. थंड पाण्यात किंवा मासे बिथरलेले असताना मी दुसरं काही बांधतच नाही.

आता क्रँकबेटची रडकथा. लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा, तोंडाशी जीभ. जीभ लांब तर खोल जातो, आखूड तर उथळ. चौकोनी जिभेचा मी बुडालेल्या ओंडक्यांवर मुद्दाम आपटवते, कारण आपटून तो बाजूला उसळला की बासला राहवत नाही. एका वसंतात पाणी 16 अंशांच्या आसपास होतं, मासे विणीसाठी उथळ पाण्यात आलेले, आणि सकाळभरात माझे पाच मासे लागून काठाशी येऊन सुटले. मी गरीला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की काठी किड्याची होती, कडक, फक्त टोकाला वाकणारी, आणि वर वेणीचा तंगूस, जो जराही ताणला जात नाही. क्रँकबेटच्या तिहेरी गऱ्या लहान असतात, ओठाच्या कडेला कशाबशा अडकतात. माशाने डोकं झटकलं की ढील द्यायला मधे काहीच नसतं, मांस फाटतं आणि संपलं. आता त्यासाठी अर्ध्यापर्यंत वाकणारी 7 फुटी मऊ काठी, 12 पौंड ताकदीचा फ्लुरोकार्बनचा तंगूस आणि 5.4:1 चं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला फिरकीचे 5.4 फेरे देणारं, संथ रीळ आहे. मासे सुटायचे पूर्ण थांबले नाहीत, पण काठावर बसून रडायची वेळ येत नाही.

तंगुसाबद्दल एक गोष्ट मात्र सांगतेच. मासा तोडून गेला की उरलेलं टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर तंगूस तुटलेला नाही, तुमची गाठ सुटली. मी वर्षभर तंगुसाला दोष देत होते आणि टोकं वळलेली होती. फ्लुरोकार्बनची गाठ कोरडी आवळली की घर्षणाने तो तापून कमजोर होतो, म्हणून गाठ आधी ओली करायची. पालोमार गाठ बांधायची आणि सावकाश ओढायची. मी थुंकीच लावते.

वारा सुटला आणि पाणी गढूळ झालं की स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचा लुअर, तोही गोल पात्याचा, कारण ते पातं पाण्यात जोरात धडधडतं आणि दिसत नसलं तरी बासला अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या रेषेने, ते कळतं. पाणी नितळ असेल तर लांबट पातं. यापलीकडे त्यात शिकण्यासारखं फारसं नाही, फेका आणि गुंडाळा.

कमळाच्या पानांवर रबरी बेडूक. त्याला 50 पौंडांच्या खालचा तंगूस लावू नये, कारण मासा पानांच्या चटईसकट ओढावा लागतो. इथे माझा स्वभाव आड येतो. पाणी फुटल्याचा आवाज झाला की हात आपोआप वर जातो आणि बेडूक रिकामा उडून येतो. आधी बेडूक दिसेनासा होऊ द्यायचा, वजन हाताला लागू द्यायचं, मग ओढायचं. नऊ वर्षांनंतरही माझं हे दहातून चार वेळा चुकतं.

रंगांचं काय, असं विचाराल. तीन डब्यांपैकी दोन डबे रंगांनीच भरलेले होते. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, लाल आणि हिरव्यासाठीच्या. काळा आणि गडद निळा त्याला वेगळा काढता येत नाही, आणि भडक पोपटी-पिवळा व पांढरा यांतही तो गोंधळतो. हे वाचलं त्या संध्याकाळी मी डबे उपसले. शेवाळी हिरवा, काळा-निळा आणि पांढरा ठेवला, बाकीचे नव्याने शिकणाऱ्यांना वाटून टाकले. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा बास काढला, तेव्हा दोघा मित्रांत मिळून एकच काठी आणि एकच लुअर होता असं सांगतात. त्या वजनाशी बरोबरी व्हायला 2009 उजाडावं लागलं, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या हातून. तो मासा मात्र लुअरवर नाही, जिवंत ब्लूगिल या छोट्या माशावर लागला होता.

उपसताना तिसऱ्या डब्याच्या तळाशी एक चिकट, हिरवट गोळा सापडला. उन्हाळ्यात कधीतरी मी रबरी किडे क्रँकबेटच्या खणात टाकून विसरले होते. किड्यांतल्या द्रव्याने कडक प्लास्टिक विरघळलं, रंग ओघळला आणि दोन चांगले क्रँकबेट कायमचे त्यात रुतले. डोळे तेवढे वर दिसत होते. तेव्हापासून किडे त्यांच्या मूळ पिशवीतच राहतात, आणि ती पिशवी डब्यात नाही, माझ्या खिशात असते.