बायोकॉन, भागीदाऱ्या आणि व्याजाची ओळ

रविवारी भाचा हडपसरहून आला. चपला काढता काढताच म्हणाला, “आत्या, त्या बेंगळुरूच्या औषध कंपनीचे, बायोकॉनचे शेअर अजून ठेवलेस? भागीदारीची बातमी आली की दोन दिवस पळतात आणि मग बसतात.”

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर तीस वर्षं काढली. भागीदारी म्हटलं की मी तीनच गोष्टी विचारते: माल कुणाचा, गिऱ्हाईक कुणाचं आणि व्याज कोण भरणार?

बायोकॉनने २००९ मध्ये मायलन या अमेरिकी औषध कंपनीशी हातमिळवणी केली. दुसऱ्या कंपन्यांच्या मूळ औषधासारखंच औषध बायोकॉनने बनवायचं, अमेरिका-युरोपात मायलनने विकायचं. कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. जुलै २०२१ मध्ये ग्लार्जिन इन्सुलिनला अशी मान्यता मिळाली, की तिथला औषधविक्रेता डॉक्टरांना न विचारता मूळ औषधाऐवजी ते देऊ शकतो. केवढी मोठी गोष्ट! पण गल्ल्यावर बसलेला माणूस दुसऱ्याचा होता. म्हणून २०२२ मध्ये व्हिआट्रिसकडून (मायलनचंच नवं रूप) तो धंदाच विकत घेतला, जास्तीत जास्त ३३३.५ कोटी डॉलरना. विक्री आपल्या खात्यावर आली. कर्जही आलं.

आपल्या पुण्याच्या सीरमचंही तसंच. २०२१ मध्ये ठरलं होतं की बायोकॉन बायोलॉजिक्स या बायोकॉनच्या उपकंपनीतला १५ टक्के हिस्सा सीरमला द्यायचा आणि बदल्यात १५ वर्षं दरवर्षी लशींचे १० कोटी डोस घ्यायचे. तेव्हा मीही हरखले होते. पुढच्या वर्षी आराखडा बदलला आणि सीरमने रोख पैसे घातले. मला हेच जास्त पटलं. डोसांना साथ ओसरली की भाव राहत नाही.

जून २०२५ मध्ये कंपनीने नवे शेअर देऊन ४,५०० कोटी रुपये उभे केले. आपला वाटा थोडा बारीक झाला, पण कर्जाचा बोजा उतरवायला पैसा आला. मला ते योग्य वाटतं.

रात्री दहाला आई फ्रिजच्या दारातून, कढीपत्त्याच्या डब्याशेजारून, ग्लार्जिनचं पेन काढते. टक टक, अठरा वेळा. मोजायला मी शेजारी बसते. हे औषध उद्याही लागणार, परवाही. भाव मात्र उतरतच जाणार, कारण स्पर्धक वाढताहेत.

“मग विकायचे नाहीत?” भाच्याने विचारलं.

नाही. तिमाही निकाल आले की आधी व्याजाची ओळ बघणार. ती उतरत असेल तर आणखी शंभर घेईन, नाहीतर आहेत ते राहू देत.