चुरीच्या संत्र्यांचा केक

संक्रांतीनंतरचा रविवार

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्याचा, शेवटचा तोडा या आठवड्यात संपला. व्यापाऱ्याची माणसे मोठी आणि मध्यम फळे कॅरेटमध्ये भरून घेऊन गेली आणि बांधावर चुरीचा ढीग राहिला. बारीक, डागी, मापात न बसणाऱ्या या फळांना अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात कुणी धड भाव देत नाही. ती मिळेल त्या दराने जातात, नाहीतर झाडाखालीच सडतात. बांगलादेश हे आमच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. तिथले आयात शुल्क 2019 पासून वाढत गेले आणि 2023 मध्ये किलोमागे 88 रुपयांवर पोहोचले. तेव्हापासून चांगल्या फळालाही उठाव कमी झाला, मग चुरीची काय कथा. ज्या फळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाच हा ढीग आहे, हे मला दरवर्षी मनाला लागते.

म्हणून यंदाही मी त्यातली टोपलीभर फळे निवडून घरी आणली आणि आज दुपारी केक केला. गेली काही वर्षे हिवाळ्यात मी हा केक करते आहे आणि माझे मत आता पक्के झाले आहे की या कामाला चुरीच सरस. संत्र्याचा खरा वास रसात नसून सालीत असतो, आणि फळ जितके लहान तितकी वजनाच्या मानाने त्याची साल जास्त भरते. किलोभर बारीक फळांतून जेवढा सालीचा कीस निघतो, तेवढा किलोभर मोठ्या फळांतून निघत नाही. बाजारात पाठवलेल्या फळांवर चकाकीसाठी पुष्कळदा मेणाचा थर दिलेला असतो. बांधावरच्या फळाला तो नसतो. शेवटची फवारणी कधी झाली, हेही आपल्याला ठाऊक असते. तरीसुद्धा मी फळे कोमट पाण्यात हाताने चोळून धुते आणि फडक्याने कोरडी पुसते, कारण ओल्या सालीवर किसणी घसरते.

सालीच्या केशरी थरात डोळ्यांना दिसतील अशा बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत तेल भरलेले असते. लहानपणी दिवाळीत आम्ही संत्र्याची साल पणतीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबत असू, तेव्हा फुर्र करून ठिणग्या उडत. ते हेच तेल. त्यात मुख्यत्वे लिमोनिन नावाचे ज्वालाग्राही द्रव्य असते आणि संत्र्याचा जो ओळखीचा वास, त्याचा मोठा भाग त्यातून येतो. (रस कडू करणारे द्रव्य वेगळे, त्याचेही नाव मराठीत जवळपास असेच लिहिले जाते, त्याविषयी पुढे लिहिते.) ग्रंथी फोडल्या की वास सुटतो आणि तेल लगेच उडायला लागते, म्हणून साल आधी किसून वाटीत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साखर मोजून परातीत घ्यावी आणि कीस थेट तिच्यावर पडू द्यावा.

नागपुरी संत्र्याची साल किसणे हे मात्र लिंबाच्या किंवा मोसंबीच्या साली इतके सरळ काम नाही. आपल्या संत्र्याची साल मुळातच सैल, आणि झाडावर उशिरापर्यंत राहिलेल्या फळात तर ती गरापासून सुटून आत पोकळी धरते. असे फळ किसणीवर दाबले की साल आत दबते, फाटते आणि पांढरा थर किसात येतो. त्याला कडवटपणा असतो. यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे फळ आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे साल ताठ होते. आमच्याकडे या दिवसांत पहाटेचा गारवाच इतका असतो की फळे ओट्यावर उघडी ठेवली तरी पुरते. दुसरे म्हणजे फळ किसणीवर न घासता ते हातात धरून बारीक भोकांची किसणी त्याच्यावरून हलकेच फिरवावी, एका जागी एकदाच, आणि फळ वळवत जावे. केशरी रंगाखाली पांढरे दिसू लागले की ती जागा सोडून द्यावी. हे सगळे फळ सोलण्याआधी करायचे असते. सोललेली साल हातात धड धरताही येत नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर तीळ निवडत बसल्या होत्या. "काय करून रायली वं सालीचं?" असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता, किसून उरलेली फळे सोलली की साली आपल्याकडे द्यायला सांगितल्या. त्या साली सावलीत वाळवून कुटतात आणि दिवाळीच्या उटण्यासाठी डब्यात भरून ठेवतात. किसलेल्या सालीत वास थोडा कमी असतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळले, आणि तेव्हापासून उटण्यासाठी काही फळे न किसता त्यांच्यासाठी वेगळी काढायची, असा आमच्यात करार आहे.

कीस पडलेली साखर बोटांच्या चिमटीत घेऊन चोळायची. या केकमध्ये सगळ्यात जास्त आनंद मला याच कामात मिळतो, आणि ते उरकून टाकू नये असे मला मनापासून वाटते. साखरेचे खडबडीत दाणे न फुटलेल्या ग्रंथी फोडतात, निघालेले तेल दाण्यांना चिकटून राहते आणि पाच-सात मिनिटांत कोरडी पांढरी साखर पिवळसर होऊन नदीतल्या ओल्या रेतीसारखी मुठीत बसू लागते. स्वयंपाकघरात वास भरतो, बोटांच्या पेरांना पिवळा रंग चढतो आणि तो रात्रीपर्यंत राहतो. मिक्सरमध्ये पिठीसाखर करून हे काम झटपट होते खरे, पण पात्याने किसाचे तुकडे होतात आणि भांडे गरम होऊन वास उडतो, तो भांड्याच्या झाकणालाच जास्त लागतो.

रसाबद्दल लोकांचा समज असा असतो की रस जितका जास्त तितका केक संत्र्याचा. रसात मुख्यत्वे पाणी, साखर आणि थोडी आंबटाई असते. भट्टीच्या उष्णतेत त्याचा नाजूक वास टिकत नाही, आणि रस वाढवला तर केक फक्त गिच्च होतो. शिवाय नागपुरी संत्र्याच्या रसाला एक खोड आहे, जी इथल्या प्रत्येक घराला ठाऊक असते: ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी कडू होतो. गराच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असते, ते रसातल्या आंबटाईशी आले की हळूहळू त्याचे कडू लिमोनिन बनते (सालीतल्या तेलाहून वेगळे म्हणाले ते हेच), आणि उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. म्हणून पीठ भिजवण्याच्या अगदी आधी फोडी हाताने पिळाव्यात, बी दाबली जाऊ देऊ नये आणि रस गाळून लगेच वापरावा. काही ठिकाणी अख्खे संत्रे उकडून, वाटून केकमध्ये घालण्याची रीत आहे. ती ज्या फळांना चालते त्यांना चालो. आमच्या बियाळ संत्र्याला ती चालत नाही.

आई माळकरी आहेत, त्यामुळे घरात अंडे येत नाही. अंड्याशिवाय लोफ केक हलका होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी दह्यावर विश्वास ठेवायला सांगेन. माझे माप असे आहे: 190 ग्रॅम मैदा, 140 ग्रॅम साखर, 120 ग्रॅम घट्ट, किंचित आंबट दही, 90 मिलिलिटर रस, 90 मिलिलिटर तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि चार-पाच बारीक संत्र्यांचा कीस. सोड्याचे दह्याच्या आंबटाईशी जमले की गार पिठातच बुडबुडे येऊ लागतात. बेकिंग पावडरचा जोर पुष्कळसा उष्णता लागल्यावर येतो. म्हणून ओले आणि कोरडे जिन्नस एकत्र केल्यावर पीठ ताटकळत ठेवता कामा नये, आणि फार घोटूही नये, कारण ओल्या मैद्याला जितके फिरवावे तितका तो चिवट होतो. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचे. बारीक गाठी राहिल्या तरी त्या भट्टीत विरतात.

तेल मी साधे रिफाइंड सोयाबीनचे वापरते. घरचे लोणी किंवा तूप घातले तर आपल्याला सवयीचा खमंग वास येतो, पण तो संत्र्याला झाकून टाकतो; आणि जानेवारीच्या सकाळी तूप थिजते तसा तुपातला केकही कडक होतो, तेलातला मात्र मऊ राहतो. शेंगदाणा तेलाचा वास मला भाजीत प्रिय आहे, इथे नको.

भाजण्याची वेळ मी घड्याळावर ठरवत नाही, मोटारींवर ठरवते. आमचे घर गावठाणात नसून वावरात आहे आणि पंपांच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, घराला वीज येते. आंबियाच्या फुलासाठी झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडून ज्यांनी ओलीत सुरू केले आहे त्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतो. ओव्हनमधल्या कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे 230 च्या जागी 180 व्होल्ट आले तर तिची ताकद सुमारे 60 टक्क्यांवर येते. बटण 180 अंशांवर असूनही आत तेवढी आच बसत नाही, आणि अशा मंद आचेत सोड्याने फुगलेले पीठ घट्ट व्हायच्या आत खाली बसते. या आठवड्यात पंपांची थ्री फेज वीज रात्री आहे, म्हणून आज भर दुपारी, सगळ्या मोटारी बंद असताना ओव्हन लावला. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, शिटी आणि रबर काढून हाच केक करावा. गॅसच्या आचेला व्होल्टेजची चिंता नसते. फक्त लांबट टिन कुकरमध्ये मावत नाही, तेव्हा गोल डबा घ्यावा आणि वेळ थोडी कमी धरावी.

लोफ टिन खोल असल्यामुळे मधला भाग शिजायला वेळ लागतो, म्हणून मी आधी ओव्हन 180 वर चांगला तापवते आणि टिन आत सरकवल्यावर 170 वर आणते. वरचा पापुद्रा आधी पक्का होतो आणि मधले पीठ मागाहून वर येते, त्यामुळे लोफच्या पाठीवर लांब भेग पडते. ती पडावीच. ती सरळ मधोमध पडावी असे वाटत असेल तर टिन आत ठेवण्याआधी तेलात बुडवलेल्या सुरीने पिठावर उभी रेघ ओढावी. आज पंचेचाळीस मिनिटांनी विणकामाची सुई भेगेत घालून पाहिली, ती स्वच्छ निघाली.

केक गरम असतानाच त्याला सुईने टोचे मारून वर दोन मोठे चमचे ताजा रस आणि तेवढीच पिठीसाखर मिसळून ओतली. हे मिश्रण गॅसवर उकळत नाही. उकळलेल्या रसाला शिजल्यासारखा वास येतो आणि कडवटपणाही लवकर धरतो. भट्टीत हरवलेली रसाची ताजी चव केकला इथे परत मिळते. त्यात अर्धा चमचा लिंबू पिळले, कारण उशिरापर्यंत झाडावर राहिलेल्या फळाची आंबटाई उतरलेली असते आणि नुसत्या गोडात संत्रे मंद लागते.

आज केक कापला नाही. हे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले, आणि भाचीने सरळ सुरीच आणून दिली. तरी मी तो कापडात गुंडाळून डब्यात ठेवला. गरम लोफ कापला की त्याचा चुरा पडतो, हे एक कारण. दुसरे असे की रात्रभरात कडेची कोरड आणि मधला ओलावा एकसारखा होतो आणि सालीचे तेल सगळीकडे मुरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा तुकडा पहिल्या दिवशीच्या तुकड्यापेक्षा जास्त संत्र्याचा लागतो. उद्या सकाळी चहाबरोबर कापू. आईंना त्यांचा तुकडा तव्यावर दोन्ही बाजूंनी किंचित शेकून लागतो.

मृगाचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराचे, फळ फेब्रुवारीअखेर उतरायला लागेल. थंडीत पिकत असल्यामुळे त्याला रंग चांगला चढतो. त्या केकमध्ये साखर 120 ग्रॅमवर आणून पाहायची आहे आणि लिंबू एक चमचा करायचे आहे. तोपर्यंत या आंबियाच्या चुरीतला कीस साखरेत चोळून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला आहे. तो महिनाभर तरी चांगला टिकतो, आणि शिऱ्यात घालता येतो.